नाव नसलेल्या अळंबीचा पुठ्ठा

मी एक जुना पुठ्ठा आहे, मित्रांनो. माझ्यावर एका अळंबीचं चित्र आहे. चित्र छान आहे, असं पाहुणे म्हणाले होते.

ती अळंबी किनवटच्या जंगलात कुजक्या ओंडक्यावर उगवली होती. कॉलेजातल्या रेवणसिद्ध सरांनी तिथंच बसून ती माझ्यावर रंगवली. तिचे वाळलेले तुकडे मोठमोठ्या तज्ज्ञांकडे गेले. कुणालाच नाव सांगता येईना. सर वाट बघत राहिले, मीही.

तेवढ्यात लातूर जिल्हा नवा झाला. पाऊस बहुधा जुन्या जिल्ह्यातच राहिला. आमच्याकडे आलाच नाही. तरी नव्या जिल्ह्याची पोरं शेजारच्या नांदेडच्या पोरांपेक्षा हुशार आहेत, हे ताबडतोब सिद्ध करायचं ठरलं. उदगीरच्या शाळेत बुद्धिमापन चाचणी निघाली. हुशार ठरणाऱ्याला लातूरच्या वसतिगृहात जागा, म्हणजे दोन वेळचं जेवण. ईश्वरप्पा गुरुजींना चित्रं कमी पडली. त्यांनी मला सरांकडून मागून आणलं आणि माझ्या पाठीवर शाईनं उत्तर लिहिलं : कुत्र्याची छत्री.

शाळेतल्या मल्लम्माचा नंबर आला. तिची आई नागम्मा दुष्काळी कामावरची खडी सोडून दाराशी उभी होती. जागा हुकली तर उद्यापासून मल्लम्माही खडी फोडणार होती.

"बोल गं, हे काय?"

मल्लम्मानं मला तिरकं करून पाहिलं. "कुत्र्याच्या छत्रीवानी हाय, गुरुजी."

"वानी नको. नेमकं नाव सांग."

"मग म्हाईत न्हाई."

मला ओरडावंसं वाटलं. पुठ्ठ्याला ते जमत नाही. गुरुजींनी शून्य दिलं आणि जागा गेली.

"अगं, छत्री म्हनून मोकळं व्हायचं की!" नागम्मा कळवळली.

"ती न्हाईच ना, अव्वा. कसं म्हनू?"

पुढं तज्ज्ञांनी कळवलं : जात नवी आहे, हिला अजून नावच नाही. उदगीरच्या त्याच शाळेत सरांचा सत्कार झाला. सर सरळ माणूस. म्हणाले, "मला माहीत नाही, एवढंच मी म्हणालो होतो." सगळ्यात जोरात टाळ्या ईश्वरप्पा गुरुजींनी वाजवल्या. बाहेर रस्त्यावर खडी फुटत होती. भाषण ऐकू येईना म्हणून खिडकी लावून घेतली. मी टेबलावर होतो, उत्तराची बाजू खाली.

आता मी शाळेच्या कपाटात असतो. अंगावर पांढरी बुरशी आली आहे. तिला ओळखायला अजून कुणी आलेलं नाही. चाचणीच्या दिवशी मात्र मला दरवर्षी बाहेर काढतात. पाठीवरचं उत्तर तेच आहे.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्यानं पुसा, थोडं ऊन दाखवा. आणि पाठीवर त्या उत्तराखाली जागा आहे, तिथं मल्लम्माचं उत्तर लिहा. मीच लिहिलं असतं. मला हात नाहीत.