दहाची आणि बाराची सही

आर्नेच्या उजव्या टाचेवरचा लाल डाग कोटाच्या बटणाएवढा होता. सकाळच्या पाळीच्या सिस्कोने त्यावर बोट दाबलं, मनात तीन आकडे मोजले आणि बोट उचललं. निरोगी कातडी क्षणभर पांढरी पडते. ही लालच राहिली; एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची ही सुरुवात. आज तिसरा दिवस.

"दुखतं का?"

"मला कशाला विचारतेस, पोरी? तुमच्या कागदाला विचार. माझ्या टाचेचं त्यालाच जास्त कळतं."

आर्ने एक्क्याण्णव वर्षांचा. डावं अंग लुळं, जीभ शाबूत. सिस्को हसली नाही. टाच अधांतरी राहावी म्हणून तिने त्याच्या पोटरीखाली उशी सरकवली.

काजानी गावच्या त्या वृद्धाश्रमात दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची आणि तक्त्यावर सही करायची असा नियम होता. रीत वेगळी होती. साडेनऊच्या कॉफीला सगळे तक्ते टेबलावर यायचे आणि दुपारपर्यंतच्या सह्या एकदमच उरकायच्या. काम बहुतेक वेळा मागाहून होई. मंगळवारी शेजारच्या खोलीतली म्हातारी पडली आणि ते राहून गेलं. दोनला सिस्कोने आर्नेला घाईघाईने वळवलं, मोजा काढून टाच पाहिलीच नाही. डाग सापडला संध्याकाळच्या पाळीच्या पिर्योला.

आज मुख्य परिचारिका इर्मेलीने पिर्योलाही सकाळीच बोलावून घेतलं आणि कॉफीच्या टेबलावर आर्नेचा मंगळवारचा तक्ता पसरला. वेलचीच्या पावाला कुणी हात लावला नाही.

"चारचा रकाना कोरा का, पिर्यो?"

"वळवायला चाळीस मिनिटं उशीर झाला. खोटी सही कशी करू?"

"सकाळच्या सह्या जागच्या जागी आहेत. मग डाग कधी पडला?"

"मी मोजा काढला तेव्हा होताच."

"कागद तसं म्हणत नाही, बाई." इर्मेलीने पेनाचं टोपण काढलं. पिर्योची नेमणूक महिनाअखेरीस संपत होती, ती वाढवायची की नाही हे आज लिहून द्यायचं होतं.

शेजारी बसलेल्या, सकाळच्याच पाळीच्या राइलीने सिस्कोच्या पायाला पाय लावला. "गप्प राहा हं," ती पुटपुटली. "तू बोललीस की सगळ्यांचेच तक्ते निघतील."

पिर्यो मान खाली घालून बोटाने टेबलावरचे कण गोळा करत होती. इर्मेली लिहू लागली. पहिली ओळ संपली.

"इर्मेली, थांबा," सिस्को म्हणाली. तिने तक्त्यावरच्या दोन रकान्यांवर बोट ठेवलं. "दहाची आणि बाराची सही मी इथं बसून केली. मंगळवारी आठ ते दोन मी आर्नेला वळवलंच नाही."