नाईलवरची सोयरीक

चेसाकितने हात धरला की कितीही भित्रा पाहुणा कडा उतरून जातो, असं सिपी गावात सगळे म्हणत. गेली कित्येक वर्षं ती परदेशी पाहुण्यांना सिपीच्या धबधब्याच्या पायथ्याशी नेत आली होती. कॉफीच्या बागांतून, शेवाळलेल्या दगडांवरून, लाकडी शिड्यांवरून. नवरा गेल्यावर याच कामावर तिने घर चालवलं, लेकीला शिकवून नर्स केलं. त्या लेकीने, चेम्ताईने, जेव्हा एके दिवशी सांगितलं की मला पाकवाच गावचा गिरामिया आवडतो, तो मर्चिसनच्या धबधब्याखाली नाईल नदीत बोट चालवतो, तेव्हा चेसाकितने नाही म्हटलं नाही, पण होही म्हटलं नाही.

"मगरींच्या नदीत पोट भरणारा माणूस," ती एवढंच म्हणाली. "बघू."

बोलणी करायला गिरामियाची आई अतिमांगो गोतावळ्यासह सिपीला येऊन गेली. धिप्पाड बाई, पाकवाचच्या बाजारात मासळी विकणारी. बोलायला लागली की पलीकडच्या उतारावरच्या शेळ्या चरायच्या थांबत. चेसाकितने तिला मोठ्या अभिमानाने धबधब्यासमोर उभं केलं. अतिमांगोने मान वाकडी करून वर पाहिलं, मग खाली पाहिलं.

"छान आहे हो. उंच आहे. पण अंगाने फार बारीक. जेवत नाही वाटतं?"

गोतावळा खो खो हसला. चेसाकितही हसली, पण ते बोलणं तिच्या जिव्हारी लागलं.

"मग तुमचा धबधबा बघायलाच हवा, विहीणबाई."

"विहीण कुठली? तुम्ही अजून हो तरी कुठे म्हणालात?"

"तेच ठरवायला येते."

कॉफीची तोडणी आटपली आणि चेसाकित लेकीला घेऊन खरंच निघाली. नाईलकाठी पराआच्या धक्क्यावर गिरामिया बोट घेऊन उभा होता आणि अतिमांगो टोपलीभर खाणं घेऊन. सासूने आणि जावयाने समोरासमोर बसायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही, हा रिवाज दोन्हीकडचा. त्यामुळे चेसाकित बोटीच्या नाकाशी जाऊन बसली आणि तो मागे सुकाणूवर. ज्याला पारखायला आली होती त्याच्याकडे पाठ करून बसायची पाळी आली. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. माणूस नाही दिसला तरी त्याची बोट तर कळेल.

बोटीत ती जन्मात बसली नव्हती. पायाखालचं हलतंय ही गोष्टच तिला पसंत पडेना. पण चेहऱ्यावर तिने काही दिसू दिलं नाही.

काठावर हत्तींचा कळप पाण्यात उतरला होता. जरा पुढे रेतीवर मगरी जबडे उघडे टाकून पडल्या होत्या. त्याहून वर, बाभळींच्या मागून जिराफांच्या माना दिसत होत्या. अतिमांगो प्रत्येक जनावर असं दाखवत होती, जणू काही सगळं तिच्याच गोठ्यातलं आहे.

"असे हत्ती आहेत का तुमच्या डोंगरात?"

"आहेत की. आमचे तर गुहेत शिरतात. सुळ्यांनी भिंत खरवडून खारी माती खातात."

"हत्ती? गुहेत?" अतिमांगोने मांडीवर थाप मारली. "आणि दिवा कोण धरतं?"

"लग्नाला याल तेव्हा दाखवते," चेसाकित फणकाऱ्याने बोलून गेली.

"लग्नाला म्हणाल्या!" अतिमांगो बोटीत अर्धी उठली. "पोरांनो, ऐकलंत ना?"

"झालंच तर म्हणतेय. बसा खाली, बोट कलंडेल."

चेम्ताईने हसू लपवायला तोंड पाण्याकडे वळवलं.

पुढे नदीत लव्हाळ्यांचं एक बेट होतं. बेट आणि काठ यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात बोट शिरली आणि समोर एक प्रचंड डोकं वर आलं. पाणघोड्याने जबडा वासला, फुत्कार टाकला आणि बुडी मारली. मग पाण्यावर बुडबुड्यांची एक रेघ उमटली. ती सरळ बोटीकडे येत होती.

"पळव!" अतिमांगो किंचाळली. "अरे, पळव पुढे! झोपलास काय?"

चेसाकितने फळी घट्ट धरली. बोट पुढे उसळेल म्हणून तिने पाय रोवले. पण बोट उसळली नाही. इंजिनाचा आवाज उतरला, बोट हळूच थबकली आणि वाहत्या पाण्याबरोबर अलगद मागे सरत गेली. अतिमांगो मागून शिव्या घालत होती. सुकाणूवरून एक शब्द आला नाही. बुडबुडे बोटीच्या पुढून आडवे गेले आणि काठाशी पाणघोडी वर आली. तिच्या कुशीला चिकटून एक गुबगुबीत पिल्लू होतं.

"तिची वाट होती ती," गिरामिया म्हणाला. "आपणच मध्ये आलो होतो."

चेसाकितचं डोकं नेहमीसारखं चालू होतं. कड्यावर तिने नाना तऱ्हेची माणसं पाहिली होती. पाय घसरला की बहुतेक जण घाई करतात आणि घाईनेच पडतात. याने घाई केली नाही. आई कानाशी ओरडत असताना केली नाही, आणि तिला उलटून बोललाही नाही.

"त्याला विचार," ती लेकीला म्हणाली, "हे शिकवलं कुणी?"

चेम्ताईने विचारायच्या आधीच मागून उत्तर आलं. "थोडं मामांनी, चेम्ताई. बाकीचं पाणघोड्याने. पहिल्या वर्षी मी पळवली होती बोट. पोहत काठाला लागलो."

चेसाकितला हे उत्तर आवडलं. फुशारकी मारायला जागा होती, ती त्याने सोडली होती.

धबधब्याच्या अलीकडे पाण्यावर साबणासारखा फेस तरंगत होता. त्याच्यापुढे बोट जात नाही. तिथून माथ्यापर्यंत पायवाट होती आणि वर न्यायला वनरक्षक बंदूक घेऊन थांबला होता. गिरामियाला बोट सोडता येत नव्हती.

"तुम्ही जाऊन या," अतिमांगो टोपली आवरत म्हणाली. "माझा गुडघा दुखतोय."

"पण आई, तुम्ही तर म्हणाला होतात दर वर्षी माथ्यावर जाता!" चेम्ताई होणाऱ्या सासूला म्हणाली.

"खालून दिसतो की सगळा."

चेसाकितने फक्त एक भुवई वर केली. तेवढं पुरलं. अतिमांगोने टोपली डोक्यावर ठेवली आणि बोटीतून उतरली.

अर्ध्या वाटेवर एके ठिकाणी खडक तुषारांनी ओला होता आणि एका अंगाला दरी. अतिमांगोचे पाय तिथेच थिजले. ओठ पांढरे पडले, तिने डोळे गच्च मिटले. हिशेब चुकता करायची याहून चांगली संधी मिळाली नसती. पण चेसाकितच्या मनात ते आलंच नाही. असा चेहरा दिसला की तिचे हातपाय आपोआप कामाला लागत. तिने टोपली लेकीकडे दिली, अतिमांगोचा हात आपल्या खांद्यावर ठेवला.

"डोळे उघडा. दरी बघू नका, माझी टाच बघा. मी उचलली की तुम्ही तिथे ठेवायचा पाय. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"मासळीचा भाव सांगा."

अतिमांगो कापऱ्या आवाजात मासळीचे भाव सांगू लागली. सुकी आणि ताजी, लहान आणि मोठी. सगळी मासळी सांगून संपायच्या आत ओला खडक मागे पडला होता.

माथ्यावर पोचल्या तेव्हा एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. एवढी मोठी नाईल, जिचा पलीकडचा काठ खाली धड दिसत नव्हता, ती इथे एका फटीत कोंबली गेली होती. पोराने दगड मारला तर पलीकडे जाईल एवढी फट. पाणी त्यातून पडत नव्हतं, स्वतःला फाडत बाहेर येत होतं. चेसाकितने खडकावर तळवा टेकला. खडक थरथरत होता. तिचा सिपीचा धबधबा तिला लेकीसारखा वाटे, दिवसभर बघत बसावा असा. याच्याशी तो भाव जुळेना. याच्यासमोर मान लववावी लागत होती.

ती अतिमांगोच्या कानाशी गेली. "मोठा आहे," ती ओरडली. "मान्य!"

अतिमांगोने तिच्याकडे पाहिलं. आत्ता ती एखादा टोमणा सहज मारू शकली असती. पण तिने चेसाकितचा हात धरला तो सोडलाच नाही.

जरा दूर, आवाज कमी होता तिथे, त्यांनी टोपली उघडली. कसाव्याच्या कंदाच्या पिठाचा गोळा आणि शेंगदाण्याच्या रश्श्यातली सुकी मासळी. चेसाकितने पोटभर खाल्लं, बोटं चाटली.

"लग्न सिपीला होईल," ती म्हणाली.

चेम्ताईचा घास हातातच राहिला.

"सिपीला तर सिपीला," अतिमांगो म्हणाली. "पण जेवणात मासळी माझी."

"डोंगरावर आणणार कशी?"

"ते माझं मी बघेन, विहीणबाई. तुम्ही हत्तींचं बघा."

वनरक्षक घड्याळ बघत उठला. माथ्यावर पलीकडून मोटारींचा रस्ता येतो, तो म्हणाला. कुणाला चालवत नसेल तर गाडी बोलावता येईल.

"रस्ता आहे?" अतिमांगो कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि मला त्या कड्यावरून आणलंत?" तिने चेम्ताईकडे पाहिलं, मग चेसाकितकडे. दोघीही हसू दाबत टोपली आवरू लागल्या. "गाडीबिडी काही नको," ती शेवटी म्हणाली. "चला, विहीणबाई. पुढे व्हा तुम्ही."

चेम्ताई गिरामियाला सांगायला केव्हाच वाटेला लागली होती, जवळजवळ धावत. वनरक्षक तिला हळू जा म्हणून ओरडत मागे निघाला. त्या दोघी मात्र सावकाश उतरत राहिल्या.