गफ्फार मिस्त्रीची भिंत

अब्दुल गफ्फारनं हातोडीच्या दांड्यानं भिंतीवर तिसऱ्यांदा ठोकलं. आवाज पुन्हा पोकळच आला. मागे उभ्या असलेल्या घरमालकाच्या मुलानं, शेखरनं घाईघाईनं विचारलं, "मंग चाचा, पाडाचीच ना?" गफ्फारनं पिशवीतून छिन्नी काढली.

अमरावतीच्या परकोटातली, म्हणजे जुन्या तटाच्या आतली ही शेषरावांची दुमजली माडी. तिची आतली बाजू फार जुनी, मेळघाटातल्या सागाच्या खांबांवर मातीच्या भिंतींची. पुढे संत्र्याच्या व्यापारात बरकत आली, तेव्हा शेषरावांच्या आजोबांनी रस्त्याच्या बाजूला विटा-चुन्याचा दर्शनी भाग उभा केला, कमानीच्या खिडक्या आणि लाकडी सज्ज्यासकट. घराच्या अंगावर घर चढवण्याची ही हौस! आता त्याच दर्शनी भिंतीला पोट आलं होतं, पायापासून खिडकीपर्यंत तडा गेला होता. इंजिनिअरनं धोकादायक म्हणून सांगितलं होतं आणि शेखरनं बिल्डरही पाहून ठेवला होता. शेषराव मात्र म्हणाले होते, गफ्फार सांगेल तसं करू.

गफ्फारनं नुसतं 'पाडा' म्हणायचं होतं. नव्या इमारतीचं काम बिल्डर त्यालाच देणार होता. ते साल दोन हजार सहा. कापसानं जिल्ह्याचं कंबरडं मोडलेलं, खेड्यातला पैसा आटला तसे शहरातले गवंडीही रिकामे बसले. गफ्फारच्या हातातल्या करणीला, त्या थापीला, चार महिने चुना-सिमेंट लागलं नव्हतं. त्याचा मुलगा सरफराज सुरतेला जायच्या गोष्टी करत होता. इमारत मिळाली तर दीड वर्षाची ददात मिटत होती.

त्यानं तड्यात छिन्नी घातली. सिमेंटच्या गिलाव्याचा पापुद्रा पाटीएवढा निघून खाली पडला. आतल्या विटा ओल्याचिंब होत्या, चुन्याचा भुगा होऊन गळत होता. शेखर म्हणाला, पाहा, सडलीच आहे. गफ्फार उठून जिन्याखाली गेला. या भिंतीचा खाटेएवढा तुकडा तिथे जुन्या चुन्यातच राहिला होता, कारण गिलावा केला त्या दिवशी सिमेंट कमी पडलं होतं. त्यानं तळवा टेकला. भिंत कोरडी ठणठणीत होती. ठोकलं तर आवाजही टणक आला.

वीस वर्षांपूर्वी ते सिमेंट गफ्फारनंच लावलं होतं. त्याच्या अब्बाची सारी हयात चुना दळायच्या बैलांच्या घाणीवर गेलेली. गूळ आणि बेलाचा गर घालून चुना मळणारा तो माणूस सांगत असे, चुन्याची भिंत पाणी पिते तशी सोडतेही, तिचं तोंड बंद करू नये. पण तेव्हा ज्याला त्याला सिमेंट हवं होतं आणि गफ्फारचं ते पहिलं मोठं काम होतं. अब्बा काम बघायला आले आणि चहाही न घेता परत गेले. पुढे गफ्फारनं गावभर हीच भिंत आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवली. आता ती पाडली असती तर त्याची चूकही मलब्यात गेली असती, कोणाला पत्ता लागला नसता. क्षणभर त्याला तो मोह झालाच. मग स्वतःचीच लाज वाटली.

बैठकीत शेषराव बसले होते. त्यांच्या पत्नी बेबीताईंनी चहा आणला, पण गफ्फारनं कप तसाच बाजूला ठेवला.

"भाऊ, भिंत खराब नाही. सिमेंटानं तिचं पाणी कोंडलं. अन् ते सिमेंट मीच लावलं."

शेषरावांनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सिमेंटच पायजे म्हणून मीच तं अडून बसलो होतो."

"तुमी मालक होते, तुमाले काय मालूम? मले मालूम होतं. मी नाही म्हणायले पायजे होतं."

शेखरनं हमी मागितली. गफ्फारनं सांगितलं की भिंतीला टेकू देऊ, सगळं सिमेंट उतरवू, उन्हाळाभर तिला वाळू देऊ आणि मग चुना लावू. त्यानंतरही पोट बोटभर वाढलं तर तो स्वतः येऊन पाडून देईल. शेखरला हे पटलं नव्हतं, पण तो वडिलांकडे बघत राहिला.

"कर काम," शेषराव म्हणाले. "पण या टायमाले माहं आयकू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरफराज चुन्याच्या घाणीसाठी बैल पाहायला गेला. इकडे रस्त्यावर बांबूंची परांची बांधली गेली आणि ठोकाठोकी सुरू झाली. परकोटातली ओळखीची माणसं येता-जाता थांबू लागली. पहिल्या दोघांकडे गफ्फारनं पाहिलंच नाही. तिसरे पंजाबराव फूलवाले, ते काही हलेनात.

"काय तोडून राहिले, मिस्त्री?"

गफ्फारनं वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"माहंच काम," तो म्हणाला, आणि छिन्नी पुढच्या तड्याला लावली.