आवाज पोचतो, चित्र नाही

नुएवो ओलाया गावात फोन एकच, तो सोराईदाच्या दुकानात. त्यावर आवाज तेवढा यायचा. चेहरा बघत बोलायचं तर बोटीने सात तास नदी उतरून शहर गाठावं लागे. गावाचं त्यावाचून काही अडत नव्हतं. अडायचं ते एकट्या लिदुविनाचं, कारण ती जन्माची बहिरी.

नवरा नदीत बुडाल्यावर मासे धुरावर सुकवून विकत तिने एकुलत्या एलिताला वाढवलं. मायलेकींनी हातांची भाषा घरातच घडवली होती. भांडायच्याही हातांनीच, आणि एलिता रुसली की डोळे गच्च मिटून घ्यायची. आईचं बोलणं तोडायचा तेवढाच उपाय होता.

सहा वर्षांपूर्वी एलिता कामासाठी राजधानीत, लिमाला गेली, तिथेच लग्न करून राहिली. दर रविवारी सकाळी ती दुकानात फोन करी. सोराईदा अर्धा तास ऐके, हसे, चौकश्या करी, आणि मग लिदुविनाला दोन खुणा करून दाखवी: बरी आहे, जेवते. तिला येत होत्या तेवढ्याच. लिदुविना रिसीव्हर घेऊन छातीशी धरी. आतली थरथर हाताला लागे. तेवढ्यावर ती समाधानाने घरी जाई, आणि सोराईदाला उगीचच चोरट्यासारखं वाटे.

नात झाली, दीड वर्षांची झाली. मग एका रविवारी एलिता फोनवर रडतच बोलू लागली.

"मावशी, नाइराला तपासून आणलं. तिलाही ऐकू येत नाही."

"अगं बाई!"

"आईला सांगू नका. आपल्यामुळे झालं म्हणून ती स्वतःला खात बसेल."

सोराईदाने नकळत लिदुविनाकडे पाठ केली. रिसीव्हर ठेवून वळली तेव्हा ओठांवर हसू आणलं. सगळं छान, अशी खूण केली. पण जन्मभर माणसांचे चेहरे वाचत आलेली बाई ती; तिला हसण्याने कोण फसवणार? लिदुविनाने फळीवर हात आपटला. एक बोट छातीवर, मग दोन्ही डोळ्यांवर. मला बघायचंय. सोराईदा केळ्यांचे घड इकडचे तिकडे करत राहिली.

दुसऱ्या दिवशी लिदुविना दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली. तिथल्या छपरावर इंटरनेटची नवी तबकडी बसवली होती, आणि तिच्यातून चित्रंही येतात हे गावभर झालं होतं. आरोग्यसेवक विल्देर हात जोडून नाही म्हणाला. ती हलली नाही. सलग तिसऱ्या दिवशीही ती तिथेच दिसली तेव्हा सोराईदाने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तरातरा दवाखाना गाठला.

"काय रे, बाईमाणसाला तीन दिवस उन्हात बसवतोस, लाज नाही वाटत?"

"मावशी, वरून ताकीद आहे. तापाच्या रोग्यांचे आकडे पाठवायचे, बाकी काही नाही. एकीला दिलं की उद्या सगळं गाव फुटबॉल बघायला येऊन बसेल."

"हिला फुटबॉल बघायचाय का? तू तुझ्या आईशी बोलतोस ना रोज? हिची पोर अर्धा तास बोलते आणि मी हिच्या हातावर दोन घास ठेवते. सहा वर्षं बाकीचं माझ्याच पोटात चाललंय. आणि आता जे सांगायचंय ते लपव म्हणते पोर. मला नाही जमत रे."

तिने त्याला नाइराचं सांगितलं. विल्देरने डोकं खाजवलं. मग त्याने दार उघडलं.

सोराईदाने दिलेला नंबर लावल्यावर एलिता पडद्यावर आली ती तुकड्यातुकड्यांनी. हात वर उचलला की तिथेच गोठे, पुढचा शब्द बुडून जाई. लिदुविना खुर्चीतून अर्धी उठून त्या गोठलेल्या हाताकडे बघत राही. "आकडे नंतर जातील," असं पुटपुटत विल्देरने बाकी सगळं बंद केलं, तेव्हा कुठे चित्र वाहतं झालं.

मग काय विचारता! हातांना उसंत मिळेना. सोराईदाला त्यातलं काही कळेना. एवढं मात्र कळलं, की पहिल्याच मिनिटाला आईने लेकीला जाड झालीस म्हणून सुनावलं.

एलिताने नाइराला मांडीवर घेतलं. तेवढ्यात तिच्या मागे पातेल्याचं झाकण फरशीवर पडून खणखणलं. एलिता दचकली, इकडे सोराईदा आणि विल्देरही दचकले. पोर मात्र निवांत बोट चोखत बसली होती.

लिदुविनाने तिघांकडे पाहिलं, मग पोरीकडे. ती सोराईदाकडे वळली. पडद्यातल्या पोरीकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे.

सोराईदाने मान हलवली. या वेळी काही गाळलं नाही.

पलीकडे एलिताने तोंड झाकून घेतलं. सोराईदाला वाटलं, आता लिदुविना कोसळणार. पण लिदुविनाने लेकीला हाताने झटकून टाकल्यासारखं केलं, वेडी कुठली! डोळे पुसले आणि पडद्याच्या अगदी जवळ सरकून नातीसमोर पंजा उभा धरून सळसळवला. मासा. पोरीने बोट तोंडातून काढलं. पुन्हा मासा. पोरीने आपला ओला हात उचलला, वेडावाकडा हलवला आणि खुदकन हसली.

चित्र बंद झाल्यावर विल्देरने नोंदवही उघडली. "मावशी, यात काय लिहू?"

"लिही, कानांची तपासणी."

"कुणाच्या?"

"तुझ्या, माझ्या. बाकीच्यांचे ठीक आहेत."

आता दर रविवारी आकडे गेल्यावर अर्धा तास लिदुविनाचा असतो. नाइराला एव्हाना चाळीसेक शब्द येतात, त्यात मगर आहे आणि पूरही. सोराईदा मागे स्टूल घेऊन बसते आणि तेच शब्द शिकते. तिची बोटं जाडी, वळता वळत नाहीत. परवा तिने सूप म्हणायला जाऊन बदक म्हटलं, तेव्हा लिमातली पोर हसून हसून खुर्चीवरून घसरली.