संघमित्राचा उजवा हात

शेवंतीबाईंनी गाळणीवर चहाचं पातेलं कलतं केलं, तसा संघमित्राने कप मागे ओढला. दोन थेंब ओट्यावर सांडले.

"बस, आजी. अर्धाच."

"अर्धा कप मी मीटर बघायला येणाऱ्यालाही देत नाही. चार दिवस बघतेय तुझी थेरं. वरण-भाताला चमचा, चहा अर्धा, खोलीचं दार बंद. देशात पहिली आलीस म्हणून घरात पाहुण्यासारखं राहायचं का गं?"

एरवी असं बोललं की पोरगी उलट दोन शब्द ऐकवायची. आज तिने नुसता कप उचलला आणि ती खोलीत गेली. दार लागलं.

कप तिने डाव्या हाताने उचलला होता.

शेवंतीबाई पातेलं धरून तशाच उभ्या राहिल्या. चहा पातेल्यात निवला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्यांच्या नवऱ्याचं, सीतारामचं, असंच सुरू झालं होतं. चेंबूरच्या गोल्फ मैदानावर अडतीस वर्षं साहेबांच्या बॅगा वाहिलेला माणूस, एका सकाळी म्हणाला, अर्धाच दे. त्यांनी भांडण काढलं होतं, माझा चहा आता कडू लागतो का म्हणून. मग शर्टाची बटणं राहायला लागली. मग घास तोंडापर्यंत जाईना. डॉक्टरने कंपवात हा शब्द उच्चारला, तोवर शेवंतीबाईंना तो रोज ताटात सांडलेला दिसत होता. त्याच हातांनी त्याने सात वर्षांच्या नातीसाठी एका साहेबाची मोडकी गोल्फची काठी कापून लहान करून दिली होती. त्या काठीपासून संघमित्रा निघाली आणि सव्विसाव्या वर्षी चार मोठ्या स्पर्धा जिंकून, सलग दोन वर्षं देशात पहिली राहिली. शुक्रवारी तिचं विमान होतं. परदेशातल्या टूरची पात्रता फेरी. त्या फेरीसाठी विशालने, तिच्या बापाने, सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटून ठेवले होते, जाण्याआधीच.

खोलीतून बॉलचा आवाज येईल म्हणून त्या थांबल्या. संघमित्रा रोज या वेळी स्टीलचा पेला आडवा ठेवून चटईवर सराव करायची. आधी काठीचा टक, मग पेल्याचा खण. आज टकसुद्धा येईना.

त्यांनी दार बोटभर ढकललं.

संघमित्रा बॉलवर वाकून उभी होती. पेला जेमतेम हातभर लांब. तिचा डावा हात नीट होता. उजवं मनगट आतून कुणी झटके द्यावेत तसं उडत होतं आणि काठीचं पातं चटईवर थरथरत होतं. तिने काठी उचलली, हात झटकला, पुन्हा टेकवली. पुन्हा तेच.

शेवंतीबाईंनी दार आवाज न करता लोटून घेतलं. स्वयंपाकघरात येऊन त्या स्टुलावर बसल्या. विशाल आणि सून शीतल कामावर गेले होते. त्यांनी विशालचा नंबर लावला आणि पहिली रिंग गेल्यागेल्या बंद केला. काय सांगणार? तुझ्या बापाचा हात पोरीला आला म्हणून?

बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली.

"मित्रा! बारा वाजले. डोळ्यात औषध घाल."

शेवंतीबाईंचा मोतीबिंदू काढून दहा दिवस झाले होते. दुपारचा थेंब त्या स्वतःच घालायच्या, अर्धा गालावर जायचा. आज त्या दिवाणावर उशी न घेता आडव्या झाल्या आणि डोळा सताड उघडा ठेवला.

संघमित्रा बाटली घेऊन आली. बाटली उजव्या हातात होती. हात वरून खाली येऊ लागला. नळीचं टोक मोठं मोठं होत गेलं. शेवंतीबाईंनी श्वास धरला. चेंबूरच्या त्याच गोल्फ मैदानावर वीस वर्षं उकिडवं बसून त्यांनी खुरप्याने तण काढलं होतं. साहेब बॉलवर वाकला की बायांनी हात थांबवायचा, खोकायचंसुद्धा नाही. तसाच धरला. हात कापला तर नळी डोळ्यात जाईल, हे त्यांना कळत होतं. पण डोळा मिटला तर कधीच कळणार नाही, हेही कळत होतं.

थेंब बरोबर मध्ये पडला. हात दगडासारखा स्थिर.

"अजून एक."

"एकच सांगितलाय ना?"

"घाल म्हणते ना."

दुसराही तिथेच पडला.

शेवंतीबाईंनी डोळा मिटला. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, "मग चटईवर का कापतो?"

संघमित्राने बाटलीचं झाकण लावलं.

"बघितलंस?"

"बघितलं."

संघमित्रा दिवाणाच्या कडेवर बसली. "जमशेदपूरला शेवटच्या होलला एवढंच अंतर होतं, आजी. हातभर. पाचवी ट्रॉफी होती. आणि हात आपोआप उडाला. तेव्हापासून छोट्या शॉटला उडतोच. लांब मारताना काही नाही, जेवताना काही नाही. तरी मी हात जपत बसते, चहासुद्धा धरवत नाही. मला वाटलं, आजोबांचं आलं."

"डॉक्टरकडे गेलीस?"

"विलेपार्ल्याला. आईबाबांना नाही सांगितलं. सगळ्या तपासण्या केल्या. काही नाही म्हणाले."

"काही नाही?"

"काहीच नाही." तिने लावलेलं झाकण पुन्हा पिळलं. "निघालं असतं तर बरं झालं असतं गं. निदान सांगता तरी आलं असतं लोकांना."

शेवंतीबाईंच्या छातीवरचा दगड उतरत होता, तो या वाक्याने मध्येच अडला. असे साहेब त्यांनी पाहिले होते. डोंगराएवढे फटके मारणारे, आणि होलपाशी आल्यावर घामाघूम होणारे. बॅगा वाहणारे कॅडी लोक आपसात हळूच म्हणायचे, साहेबाचा हात भ्याला.

"शुक्रवारी जाणार ना?"

"नाव काढून घेतेय. चारच्या आत कळवायचंय. मेल लिहून ठेवलाय."

"काय लिहिलंस? वाच."

"इंग्रजीत आहे."

"मग मराठीत वाच. मला मराठी कळते."

संघमित्राने फोन काढला. "प्रकृतीच्या कारणामुळे मी..."

"कुणाच्या प्रकृतीच्या?"

तिने फोन मांडीवर पालथा ठेवला. मग खालच्या मानेने म्हणाली, "आजोबांना कंपवात होता, घरात तो आजार आहे, माझ्या तपासण्या चालू आहेत. असं घातलंय. त्यावर कोणी काही विचारत नाही."

शेवंतीबाई उठून बसल्या. औषध गालावरून हनुवटीपर्यंत ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"ऐक आता. तुझ्या आजोबांना आजार होता. आठ वर्षं होता, आणि त्याचं नाव पुढे करून त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही. तुला आजार नाही. तू भ्यालीस. भ्यायला काय, मीपण सकाळपासून भ्यालेय, माझे पाय अजून लटपटतायत. जायचं नसेल तर नको जाऊस, तुला ढकलायला कोणी येणार नाही. पण माझ्या नवऱ्याचा आजार त्यात घालायचा नाही. भ्याले म्हणून येत नाही, असं लिही. आणि खाली तुझं नाव घाल."