पंधरा घोड्यांचा पत्ता

त्या पत्राला उत्तर लिहायला तळटीपकाका किती वेळा बसले, ते त्यांच्या टेबलाखालच्या केराच्या टोपलीलाच ठाऊक. पत्र दोन वर्षांपूर्वी आलेलं, एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचं. काकांनी आठवीच्या मुलांसाठी यंत्रांवर एक लहानसं पुस्तक लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: 'इंजिनाची काही शक्ती चाकापर्यंत पोचता पोचता वाया जाते.' बाईंनी लिहिलं होतं, 'माझ्या वर्गातली एक मुलगी विचारते, वाया जाते म्हणजे जाते कुठे? मी म्हटलं, उष्णता होते. ती म्हणाली, बाई, तुम्ही पाहिलंय? मी पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलं असेल, म्हणून विचारते. तुमचं उत्तर येईपर्यंत प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय. तेवढा कोपरा आम्ही पुसत नाही.'

आणि काकांनीही पाहिलेलं नव्हतं. ते वाक्य त्यांनी एका जाडजूड पुस्तकावरून घेतलं होतं. त्या पुस्तकाच्या लेखकाने तरी कुठून घेतलं, देव जाणे. 'उष्णता होते' एवढं लिहून पाकीट बंद करता आलं असतं. पण पेन हातात धरलं की ती मुलगी डोळ्यांपुढे उभी राहायची. तुम्ही पाहिलंय? मग कागद टोपलीत. रात्री दिवा मालवला की तो फळा दिसायचा, एक कोपरा सोडून बाकी सगळा लख्ख पुसलेला.

तळटीपकाका हे नाव त्यांच्या पुतणीनं ठेवलेलं. काका कुठलंही वाक्य धड संपवत नसत. "आज गरम होतंय," म्हणाले की लगेच पुढे, "म्हणजे मला तरी होतंय, तुम्हाला होत असेलच असं नाही." काकू म्हणायच्या, लग्नाला होकार देतानासुद्धा यांनी खाली तारा काढून बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं असणार.

या पुतणीनं स्वतःच्या कमाईची मोटरसायकल घेतली. स्पोर्ट, सहाशे सीसीची, निळी, पुढे झुकून बसायची. बापाने आठवडाभर अबोला धरला आणि मग गुपचूप तिच्यासाठी हेल्मेट आणून ठेवलं. ऑफिसातले मित्र मात्र पिच्छा सोडेनात. "कंपनी सांगते एकशे अठरा घोड्यांची ताकद. तुला बघून दोन-चार काढून घेतले असतील त्यांनी!" एक दिवस ती चिडली आणि म्हणाली, मोजून आणते.

"काका, तुम्ही येताय माझ्याबरोबर," तिने फर्मान काढलं.

"मी कशाला? मला त्यातलं काही..."

"पुस्तक कुणी लिहिलंय?"

काका शर्ट बदलायला उठले. तिला घोडे मोजायचे होते. त्यांना तो कोपरा पुसायचा होता.

डायनोची, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या यंत्राची, खोली एका गॅरेजच्या मागच्या अंगाला होती. जमिनीत एक पोलादी ड्रम गाडलेला, त्याचा पाठीसारखा वरचा भाग तेवढा बाहेर. समोर माणसाच्या उंचीचा पंखा, मागे धूर ओढून नेणारा नळा, कोपऱ्यात स्क्रीन. डायनोवाला मध्यम वयाचा, शांत माणूस होता. गळ्यात कान झाकायचे गोळे अडकवलेले. त्याने मोटरसायकल चढवली, पुढचं चाक शिकंज्यात आवळलं, मागचं ड्रमवर बसवलं आणि चारी बाजूंनी पट्टे ताणले.

"काही बदललंय का गाडीत? सायलेन्सर, फिल्टर?"

"काही नाही. शोरूममधून आली तश्शी आहे."

"बरंय. मग कंपनीची अब्रू आपल्या हातात," तो म्हणाला. "आजोबा, तुम्ही इकडे या. हे कानाला लावा."

"काका आहेत ते," पुतणी म्हणाली. "आजोबा फक्त दिसतात."

काकांनी हळूच विचारलं, "हे... मोजतं कसं?"

"सोपंय. या ड्रमचं वजन मला माहीत आहे. गाडीने तो किती चटकन फिरवला, ते कॉम्प्युटर बघतो. त्यावरून घोडे निघतात."

काका ड्रमकडे बघतच राहिले. वस्तुमान, त्वरण, बल. त्यांच्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण इथे जमिनीत पुरलेलं होतं आणि त्याला तेल लागलेलं होतं.

इंजिन गरम झालं. डायनोवाल्याने एकेक गिअर टाकत चौथा टाकला, पुतणीकडे बघून मान हलवली आणि मूठ पूर्ण पिळली. आवाज आधी छातीत शिरला, मग पायांखालून वर आला. काकांना त्याच क्षणी एक शंका आली. चौथाच गिअर का? आणि आयुष्यभराच्या सवयीने, वर्गात असल्यासारखा, त्यांनी हात वर केला.

आवाज तुटला. डायनोवाल्याने मूठ सोडली, क्लच दाबला. ड्रम घरघरत मंदावत गेला. त्याने कानावरचे गोळे काढले. "काय झालं? कुठे धूर दिसला?"

"नाही... प्रश्न होता."

"आजोबा!" त्याने कपाळाला हात लावला. "इथे हात वर म्हणजे 'बंद कर'! एवढी एकच खूण आहे आमची!"

पुतणी पोट धरून हसत सुटली. काका कानांपर्यंत लाल झाले आणि दोन्ही हात खिशात घालून भिंतीला चिकटले. डायनोवालाही मग हसला. "चौथा अशासाठी, की खालच्या गिअरात ड्रम फार चटकन फिरतो, मोजायला वेळ मिळत नाही, आणि वरच्यात वेग उगाच फार जातो. हेच विचारायचं होतं ना? बघा, ओळखलं. आता हात खिशातच ठेवा."

दुसऱ्यांदा मूठ पिळली गेली.

त्यानंतरचे काही क्षण काकांना पुढे कधी कुणाला नीट सांगता आले नाहीत. आवाज चढत गेला, आता संपेल असं वाटलं तिथून आणखी वर गेला. खिडकीची काच थरथरू लागली. मागच्या चाकाची नक्षी नाहीशी होऊन नुसती काळी, गुळगुळीत वर्तुळाकार हवा उरली. स्क्रीनवरचा वेग ताशी दोनशेच्या घरात गेला होता आणि मोटरसायकल तसूभरही हलली नव्हती. पट्टे तेवढे तारांसारखे ताणलेले. इतका मोठा वेग आणि तो एका खोलीत मावलेला! स्क्रीनवर एक रेघ उगवली, टेकडी चढावी तशी चढत गेली, माथ्यावर जराशी वाकली. काकांचं तोंड उघडं राहिलं होतं. पुस्तकात लिहिलेलं खरं असतं, हे त्यांना सत्तरी उलटल्यावर डोळ्यांनी दिसत होतं.

आवाज उतरला. ड्रम कितीतरी वेळ फिरत राहिला.

"एकशे तीन," डायनोवाला म्हणाला.

पुतणीचा चेहरा पडला. "एकशे तीन? अठरा सांगितलेत हो! एकशे अठरा!"

"ते इंजिनाच्या दांड्यावरचे. मी चाकावरचे मोजतो. चांगला आकडा आहे, ताई. उत्तम आहे."

"पण मग पंधरा घोडे गेले कुठे?"

काका भिंतीपासून सुटले. हाच प्रश्न. दोन वर्षं फळ्यावर असलेला, याच शब्दांत म्हणावा असा.

"जातात वाटेत," डायनोवाला इंजिन बंद करत म्हणाला. "सगळ्यांचेच जातात."

"वाटेत म्हणजे..." काका पुढे झाले, थबकले. "हात लावू का? म्हणजे, चालेल का?"

"चाक थांबलंय. सायलेन्सर तेवढा सोडा, नाहीतर कातडी जाईल."

काका गुडघ्यांचा आवाज करत खाली बसले. त्यांनी चेनवर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. मग पुन्हा टेकवलं. मग टायरला तळहात लावला. तो एखाद्या जनावराच्या कुशीसारखा ऊन होता, थोडा चिकट, आणि त्यावर रबराचे बारीक कण आले होते. गिअरच्या डब्याजवळ त्यांनी हात नुसता धरला. तिथून गरम वाफारा येत होता, पण तो इंजिनाचाही असेल, असं त्यांच्या मनाने लगेच तारा काढून लिहिलं. टायर आणि चेन यांच्याजवळ मात्र काही पेटत नव्हतं. तिथली ऊब वाटेतच तयार झालेली होती.

"इकडे ये," ते म्हणाले. "हात दे."

तिने हात दिला. त्यांनी तो टायरवर ठेवला.

"बाप रे," ती म्हणाली. "हे कुठेच गेलं नव्हतं की! जागच्या जागी होतं."

"पंधरा घोडे म्हणजे अकरा किलोवॅट. अकरा इस्त्र्या एकदम लावल्यासारखं. हे त्यांतलेच काही. तुझ्या हाताखाली."

तिनं हात काढला नाही. डायनोवाला तिसऱ्या फेरीसाठी पंखा नीट करत होता, तोही थांबला आणि वाकून त्याने स्वतः टायरला हात लावला. रोजची गोष्ट असूनही त्याने तो जरा जास्तच वेळ तिथे ठेवला.

तिसऱ्या फेरीलाही आकडा तोच आला. पुतणीने कागद घडी करून जाकिटात ठेवला. "विचारू देत आता ऑफिसात," ती म्हणाली. "म्हणावं, उरलेले पंधरा माझ्या काकांनी हाताने पकडले."

घरी येताच काका टेबलाशी बसले. एक पानही भरलं नाही. 'उत्तराला फार उशीर झाला. मी पाहिलेलं नव्हतं. आज पाहिलं, म्हणजे हात लावून पाहिलं. चेन गरम होती, टायर गरम होता. काही आवाजात गेलं असेल, काही हवा घुसळण्यात. तुमच्या वर्गातल्या मुलांना तळहात एकमेकांवर जोरात घासायला सांगा आणि गालाला लावायला सांगा. तेच आहे. पुढच्या आवृत्तीत मी "वाया जाते" काढून "ऊब होऊन वाटेत उतरते" असं लिहिणार आहे. फळा पुसायला हरकत नाही.'

काकूंनी पत्र वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली. "तळटीप कुठाय?"

"नाहीये," काका म्हणाले.

संध्याकाळी पुतणी त्यांना टपालपेटीपर्यंत मागे बसवून घेऊन गेली, तिच्या मते हळू, त्यांच्या मते विमानासारखी. काका उतरले, पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तसेच उभे राहिले. बाई त्या शाळेत असतील का अजून? ती मुलगी तर केव्हाच पुढच्या वर्गात गेली असेल. आणि 'उतरते' हा शब्द तरी बरोबर...

"काका, टाका ना आता! इंजिन तापतंय!"

त्यांनी मागे वळून पाहिलं. निळी मोटरसायकल जागच्या जागी गुरगुरत होती आणि तिच्या अंगावरची हवा थरथरत होती.

"तापू दे," काका म्हणाले आणि बोटं सोडली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला.