चुन्याखालचा ठिपका

सोमवार, दिनांक ६ जुलै १९९८, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. छायाचित्र क्रमांक चौदा.

कवठे येमाईच्या पुढे, एका वाडीच्या ओढ्यावरील पुलासमोर निवृत्त ओव्हरसियर मीरासाहेब कॅमेऱ्याचे स्टँड लावत होते. स्टँडचे तिन्ही पाय दगडात कोरलेल्या त्याच तीन खळग्यांत. पुलाच्या तडा गेलेल्या मधल्या खांबावर त्यांनी काळा ठिपका रंगवला होता, शेजारच्या कातळावर दुसरा. कातळ हलत नाही. त्यामुळे शिरूरच्या स्टुडिओत फोटो मोठे करून दोन ठिपक्यांमधील फरक मोजला, की खांब किती खचला ते कळे. तेराव्या फोटोपर्यंत सोळा मिलीमीटर!

"मामा, दर सोमवारी पुलाचा फोटू? लगीन ठरलंय व्हय ह्याचं?" दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल थांबवून भैरू हसला.

"तू पलीकडच्या वाटेनं जात जा."

"चार किलोमीटरचा फेरा हाय. दूध नासंल, मामा!"

तो गेला. मीरासाहेबांनी कॅमेऱ्यातून पाहिले आणि ते थबकले. खांब पांढराशुभ्र! ठिपका नाही, तडाही नाही.

ते तडक सरपंच पोपटरावांकडे गेले.

"गुरवारी पाहुणे येनार, म्हनून खांब घासून चुना मारून घेतला," पोपटराव म्हणाले.

"मारला नाही, सरपंच. लावला. गावाला!"

"ठिपकाच गेला ना? पुन्हा काढा की."

"काढीन. पण तो मागच्या तेरा फोटोंशी जुळणार नाही. खांब आता किती खचला, हे कोणालाच सांगता येणार नाही. पूल आजच बंद करा."

"पाहुण्यांम्होरं बंद पूल? माझी काय शोभा ऱ्हाईल? शुक्रवारी करतो."

गुरुवारी पाहुण्यांची गाडी पुलावरून सुखरूप गेली. हारतुऱ्यांचे अकरा फोटो निघाले.

शुक्रवारी सकाळी पूल बंद करण्यासाठी माणूस बांबू घेऊन निघाला. त्याच्या आधी भैरू निघाला होता.

खांब बसला. भैरू गेला!

संध्याकाळी पोपटराव मीरासाहेबांच्या ओट्यावर आले. हातात ते अकरा फोटो होते. "ह्यात खांब दिसतो का बघा, मामा. मला बघवंना."

मीरासाहेबांनी एकेक फोटो पाहिला. "दिसतो. पांढरा."

"मीच मारला भैरूला!" पोपटराव म्हणाले. मीरासाहेबांनी फोटो त्यांच्या हातात परत ठेवले.

नागरिकहो, तडा झाकल्याने बुजत नाही; फक्त तो सांगणारा साक्षीदार नाहीसा होतो. आपल्या गावातील पूल, टाकी, शाळा यांवरची मोजमापाची खूण शोभेसाठी पुसू नका, आणि पुसणाऱ्याचा हात धरा.

नव्या पुलावरचा ठिपका पोपटरावांनी स्वतः रंगवला. दर सोमवारी तेच स्टँड धरतात. वर्षभरात छायाचित्रे बावन्न. खांबाची हालचाल शून्य मिलीमीटर.

भैरूच्या घरात माणसे चार. पूर्वी पाच होती.